कोणी भागून पाहिले?

दिवाळीचे लाडू वळून झाले, डबे भरले, की घरोघरी वाटणीचा प्रश्न येतो. लाडू १२० झाले असतील तर गृहिणीला चिंता नाही. दोन घरांत वाटा, तीन घरांत वाटा, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा, कशीही वाटणी करा, कोणी रुसणार नाही. पण त्यात आणखी सात लाडवांची भर पडून ते १२७ झाले, की पंचाईत! दोघांत वाटले तर एक उरतो, तिघांत वाटले तरी एक उरतो, पाचांत दोन उरतात, सातांत पुन्हा एक आणि अकरांत सहा. १२७ जणांना एकेक द्यावा, नाहीतर एकानेच सारे फस्त करावेत, याखेरीज तिसरा मार्ग नाही. अशा हटवादी संख्यांनाच गणितात मूळ संख्या म्हणतात.

चौकस वाचक विचारील, की अकरापाशीच का थांबलात? तेराने भागून पाहिले नाही, सतराने पाहिले नाही! त्याचे कारण सोपे आहे. तेराचा वर्ग १६९, म्हणजे १२७ च्या पुढे गेला. तेराने किंवा त्याहून मोठ्या संख्येने निःशेष भाग गेलाच असता, तर भागाकार तेराहून लहान आला असता, आणि लहान संख्या तर आपण आधीच तपासून मोकळे झालो. तात्पर्य, वर्गमुळापर्यंत पाहिले की पुरे.

आता ही संख्या पाहा:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

अंक आहेत ३९. दोनाला दोनाने गुणत गुणत असे १२७ दोन घ्यावेत आणि आलेल्या गुणाकारातून एक वजा करावा, की ही संख्या मिळते. ही मूळ संख्या आहे, हे १८७६ साली एका फ्रेंच शिक्षकाने सिद्ध केले आणि पुढे ७५ वर्षे हिच्याहून मोठी मूळ संख्या जगात कोणाला ठाऊक नव्हती.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. आमचे शेजारी एका बँकेत हिशेबतपासनीस होते. हिच्याविषयी मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, “अहो मास्तर, कोणी भागून पाहिले?”

मी म्हटले, “नाही. भागून पाहणे शक्यच नाही.”

“मग सही कशाच्या जोरावर केली? एकूण एक नोंद पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही.”

प्रश्न बिनतोड होता. या संख्येचे वर्गमूळ २० अंकी आहे. तिथपर्यंतच्या फक्त विषम संख्या घेतल्या आणि दर सेकंदाला एक भागाकार केला, तरी सुमारे २० हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वयच मुळी १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे! मग १८७६ साली, कागद-पेन्सिलीच्या काळात, एका माणसाने सही केली ती कशी? त्याची ही हकीकत आहे.

मठातली यादी

गोष्ट सुरू होते ती सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. तिथल्या एका मठात मेर्सेन (१५८८–१६४८) नावाचा ख्रिस्ती साधू राहत असे. त्या काळी शास्त्रीय मासिके नव्हती. युरोपातले विद्वान आपापले शोध याला पत्राने कळवीत आणि हा ते इतरांना कळवी. चालतेबोलते टपालघरच म्हणा ना! त्याला एका जातीच्या संख्यांचे भारी वेड होते. दोनाचे घात घ्यावेत, म्हणजे ४, ८, १६, ३२ वगैरे, आणि प्रत्येकातून एक वजा करावा. मिळतात ३, ७, १५, ३१, ६३, १२७. यांतल्या ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ आहेत. पण १५ आणि ६३ नाहीत, कारण तिथे ४ आणि ६ हे घातांकच मूळ नाहीत. घातांक मूळ असला म्हणजे काम फत्ते झाले असेही नाही. अकरावा घात घेतला तर २०४७ येतात, आणि २३ गुणिले ८९ म्हणजे बरोबर २०४७.

१६४४ सालच्या आपल्या ग्रंथात मेर्सेनने ठामपणे सांगितले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनीच मूळ संख्या मिळते. त्याने हे कसे ठरवले? तपासून खासच नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही अपुरा पडेल, असे त्यानेच त्या ग्रंथात म्हटले आहे. तरीही साधू विद्वान होता, थोरामोठ्यांच्या ओळखीचा होता. यादी चालू राहिली.

त्या यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ हे घातांक तिथे नको होते; ६१, ८९ आणि १०७ हवे होते, ते राहून गेले. सगळी यादी तपासून पुरी झाली ती १९४७ साली, म्हणजे ३०३ वर्षांनी. मोठ्या माणसाने सांगितलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत किती अंतर असते, याचे हे चांगले माप आहे.

अर्थात मधल्या काळात लोक स्वस्थ बसले नव्हते. घातांक १९ पर्यंतची मजल तर मेर्सेनच्याही आधी, १५८८ साली, इटलीतल्या काताल्दी याने सरळ भागाकार करून मारली होती. ५,२४,२८७ या संख्येसाठी ७२४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. कंटाळवाणे खरे, पण माणसाच्या आवाक्यातले. घातांक ३१ ची संख्या मात्र २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन अब्जांच्या वर. ती १७७२ च्या सुमारास ऑयलर या महान गणितज्ञाने जिंकली. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने एक चाळण शोधली: या संख्येला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ च राहिली पाहिजे. अशीच आणखी एक अट लावल्यावर हजारो भाजकांतून ऐंशीच्या आसपास उरले. त्यांपैकी एकानेही भाग गेला नाही.

पुढे १८११ साली बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकले, की या संख्येच्या पलीकडे बहुधा कोणी जाणार नाही. या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नव्हेत, तेव्हा एवढा खटाटोप करतो कोण? बिचाऱ्याचे दोन्ही अंदाज चुकले, ते पुढे येईलच.

काशीच्या तबकड्या आणि ल्युका

एदुआर ल्युका १८४२ साली फ्रान्समधल्या आमिएं गावी जन्मला. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता आणि नंतर त्याने शाळामास्तरकी पत्करली. तुमच्या मुलांनी कदाचित त्याच्या खेळण्याशी खेळून पाहिलेही असेल! तीन खुंट्या, एकीवर लहानमोठ्या चकत्यांची उतरंड. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही आणि सारी उतरंड दुसऱ्या खुंटीवर न्यायची. ‘हनोईचा मनोरा’ या नावाचा हा खेळ ल्युकाने १८८३ साली काढला. त्याला जोडून एक दंतकथाही युरोपात पसरली: काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ तबकड्या आहेत, पुजारी त्या रात्रंदिवस हलवीत आहेत आणि काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल. असे देऊळ काशीत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच. पण हिशेब मात्र खरा आहे. चकत्या जितक्या, तितके दोन घेऊन गुणावेत आणि त्यातून एक वजा करावा, इतक्या खेपा लागतात. म्हणजे पुन्हा मेर्सेनच्याच संख्या! ६४ तबकड्यांना, सेकंदाला एक खेप धरली, तर सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. जगाला तूर्त भय नाही. आणि १२७ तबकड्यांना किती खेपा? बरोबर आपली ३९ अंकी संख्या.

तिच्यापुढे ऑयलरची चाळणही थिटी पडते. चाळून उरलेले भाजक तपासायलाही कोट्यवधी वर्षे लागतील. तेव्हा ल्युकाने भाजक शोधण्याचा नादच सोडला. त्याने वेगळी कसोटी काढली. १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ लेमर याने ती अधिक सोपी केली. त्या सोप्या रूपातली कृती, पाढे येणाऱ्या कोणालाही जमेल अशी, येथे देतो.

चारापासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करा, दोन वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवा. त्या बाकीला पुन्हा तेच करा. घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा ही कृती करायची. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर नाही.

मी हा प्रयोग आमच्या हिशेबतपासनिसांच्या हातूनच करवला. तपासायला दिले आपले १२७. घातांक ७, म्हणून पाच पायऱ्या. चाराचा वर्ग १६, वजा दोन, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, १२७ ने भागून बाकी ६७. सदुसष्टाचा वर्ग ४,४८९, वजा दोन ४,४८७, बाकी ४२. बेचाळिसाचा वर्ग १,७६४, वजा दोन १,७६२, बाकी १११. एकशे अकराचा वर्ग १२,३२१, वजा दोन १२,३१९. इथे ते थांबले, भागाकार केला, पुन्हा तपासला. १२७ गुणिले ९७ बरोबर १२,३१९. बाकी शून्य!

“गंमत आहे,” ते म्हणाले, “पण गंमत म्हणजे पुरावा नव्हे. शून्य आले म्हणून भाजक नाही, हे कशावरून?”

पाट कमी, पाहुणे जास्त

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर मला वाईट वाटले असते. सगळी सिद्धता येथे मांडता येणार नाही, पण तिचा गाभा सांगता येतो.

वर्ग करून दोन वजा करण्याच्या या कृतीमागे बाक्यांचे एक चक्र दडलेले असते, घड्याळाच्या काट्यासारखे फिरणारे. शेवटी शून्य आले, तर त्या चक्रात किती वेगवेगळी ठाणी आहेत ते नक्की कळते: तपासायच्या संख्येपेक्षा बरोबर एक जास्त. १२७ साठी १२८ ठाणी. मेर्सेनच्या संख्येत एक मिळवला की नुसते दोनच दोन उरतात, म्हणूनच हा हिशेब इतका चोख बसतो.

आता समजा, त्या संख्येला एखादा भाजक आहे. मग सर्वांत लहान भाजक वर्गमुळाच्या आतच असणार. त्या भाजकापुरते पाहिले, तरी तेच चक्र तितक्याच ठाण्यांचे फिरले पाहिजे. पण त्या भाजकाच्या घरात ठाण्यांना जागा असते फार तर त्याच्या वर्गाहून एक कमी, म्हणजे मूळ संख्येपेक्षाही कमीच. पाहुणे १२८ आणि पाट १२७ सुद्धा नाहीत! पंगत बसणारच नाही. म्हणजे असे घरच नाही. म्हणजे भाजक नाही.

हिशेबतपासनीस बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे एकेक पावती पाहायला नको. चोरी झाली असती तर ताळेबंद जुळलाच नसता.”

इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आले नव्हते.

ल्युकाने आपल्या संख्येसाठी याच धर्तीच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या हाताने केल्या. प्रत्येक पायरीला ३९ अंकी संख्येचा वर्ग! संख्या दोनाच्या पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहावी आणि बुद्धिबळासारख्या मोठ्या पटावर सोंगट्या मांडून गुणाकार करावा, अशी युक्ती त्याने वर्णिली आहे. त्या पद्धतीत त्याची संख्या म्हणजे ओळीने १२७ एकं. तिने भागण्याचे कामही सोपे होते. नवाचा ताळा पाहताना आपण भागाकार न करता नुसती अंकांची बेरीज करतो. तसेच इथे डावीकडचा तुकडा कापून उजवीकडच्यात मिळवला की झाले.

असा हा माणूस १८९१ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, विचित्र रीतीने गेला. एका मेजवानीत वाढप्याच्या हातून बशी पडून फुटली, तुकडा त्याच्या गालाला लागला आणि त्या जखमेतून उद्भवलेल्या रोगाने त्याचा अंत झाला.

नाही म्हणणे आणि नाव सांगणे

ल्युकाच्या कसोटीचा एक विलक्षण गुण आहे. २०४७ वर ती चालवून पाहा. नऊ पायऱ्यांनंतर बाकी येते १,७३६. शून्य नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. पण २३ आणि ८९ ही नावे मात्र ती सांगत नाही. घरात चोर आहे, एवढेच कळते. चोर कोण, ते कळत नाही.

मेर्सेनच्या यादीतला घातांक ६७ असाच अडकला. त्याची २१ अंकी संख्या मूळ नाही, हे ल्युकाने १८७६ सालीच दाखवले, पण तिचे अवयव कोणालाच सापडेनात. ते सापडले १९०३ साली. अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक उठले. सांगतात, की एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्याच्या एका बाजूला दोनाचा ६७ वा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला, आणि दोन्हीकडे एकच संख्या आली. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. या शोधाला किती काळ लागला असे विचारल्यावर, तीन वर्षांचे रविवार, असे त्यांनी उत्तर दिल्याची आख्यायिका आहे.

आणि बार्लोसाहेबांची ‘निरुपयोगी’ विद्या इथेच कामाला आली. गुणाकार घटकाभराचा, अवयव काढणे मात्र वर्षानुवर्षांचे, या तफावतीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांचे एक कुलूप बनवले. दोन मोठ्या मूळ संख्या गुपचूप निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार चारचौघांत जाहीर करायचा. कुलूप कोणीही लावावे. उघडेल तोच, ज्याला अवयव ठाऊक आहेत. इंटरनेटवरच्या पैशांच्या आणि पत्रांच्या व्यवहारात अशी कुलुपे सर्रास वापरली जाऊ लागली. अशा कुलुपांसाठी शेकडो अंकी मूळ संख्या लागतात, आणि त्या भागून पाहून नव्हे, कसोटीला लावूनच मिळतात.

ल्युकाची कसोटी मेर्सेनच्या जातीपुरती. कोणतीही संख्या घ्या, ती मूळ आहे की नाही हे बेताच्या वेळात आणि निःसंशय सांगणारी कृती असू शकते का, हा प्रश्न पुष्कळ दिवस अडून होता. त्याचे उत्तर २००२ साली भारतातून आले. कानपूरच्या आय. आय. टी. मधले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी तशी कृती सिद्धतेसह मांडली. जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासली आणि वाखाणली.

चार कोटी अंक

ल्युकाचा विक्रम मोडला तो १९५१ साली. १९५२ च्या ३० जानेवारीला लॉस एंजेलिसच्या एका गणकयंत्राने घातांक ५२१ ची १५७ अंकी मूळ संख्या शोधली, आणि त्याच रात्री घातांक ६०७ ची. तेव्हापासून माणसाची बोटे मागे पडली, पण माणसाची युक्ती मागे पडली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन संशोधकाने अनेक देशांतल्या संगणकांना कामाला लावून तोपर्यंतची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आणि अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर अडीच हजार अंक छापले, तर दोनशे पानांचे ८२ दिवाळी अंक भरूनही थोडे अंक उरतील! तिच्यावर शेवटची मोहोर उमटली ती कोणत्या कसोटीने? त्याच, ल्युका आणि लेमर यांच्या. चारापासून सुरुवात, वर्ग, वजा दोन, बाकी.

ल्युकाच्या ३९ अंकी संख्येची आणखी एक गंमत सांगून लेख पुरा करतो. दोनाचा दुसरा घात वजा एक म्हणजे ३. दोनाचा तिसरा घात वजा एक म्हणजे ७. सातवा घात वजा एक म्हणजे १२७. आणि १२७ वा घात वजा एक म्हणजे आपली ही संख्या. ३, ७, १२७ आणि ती, चारही मूळ! कातालान या गणितज्ञाने १८७६ सालीच ही साखळी हेरली. पुढची कडी काय असेल? ल्युकाची अख्खी संख्याच घातांक म्हणून घ्यायची. जी संख्या मिळेल तिचे नुसते अंकच पाचावर ३७ शून्ये याहून अधिक होतील. ती कोणत्याही कागदावर, कोणत्याही यंत्रात मावणार नाही. ल्युकाची कसोटी लावायची तर ३९ अंकी संख्येइतक्या पायऱ्या कराव्या लागतील. तिचा एखादा लहान भाजक मिळतो का, हेही लोकांनी शोधून पाहिले. आजवर एकही मिळालेला नाही.

पण न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. पहिल्या चार कड्या मूळ निघाल्या, म्हणून पाचवीही निघेल असे म्हणणे, ही पुन्हा मेर्सेनचीच यादी झाली. भागून पाहणे संपले तिथे ल्युकाला नवा विचार सुचला. इथे ल्युकाची कसोटीही संपते. पुढचा विचार कोणाला तरी सुचेपर्यंत त्या पाचव्या कडीसमोर सही करता येत नाही.